रबराचा हात आणि लाल स्फटिक

आभासी वास्तवात (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) माणूस शरीर मागे ठेवून दुसऱ्या जगात जातो, असे सर्रास म्हटले जाते. मला हे वर्णन मुळातच चुकीचे वाटते. डोळ्यांवरचा हेडसेट चढवल्यावर मान वळवली की दृश्य वळते, खाली वाकले की टेबलाखालचे दिसते, आणि हालचाल व दृश्य यांच्या या मेळामुळेच समोरचे चित्र ही एक जागा होते. बार्सिलोना विद्यापीठातील मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये या अनुभवाचे नेमके वर्णन केले: आपण तिथे नाही हे पक्के ठाऊक असूनही तिथे असल्याची जाणीव होत राहते.

यातले 'ठाऊक असूनही' मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी केलेल्या प्रयोगात माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवून त्याच्यासमोर रबराचा हात मांडला जाई आणि दोन्ही हातांवर एकाच वेळी कुंचला फिरवला जाई. काही वेळाने स्पर्श रबराच्या हातावरच होत असल्याचे, किंबहुना तो हात आपलाच असल्याचे लोकांना जाणवू लागे. डोळे मिटून स्वतःच्या हाताची जागा दाखवायला सांगितले, तर ते रबराच्या हाताच्या बाजूला सरकलेली जागा दाखवत. तो हात रबराचा आहे हे मात्र ते एक क्षणही विसरलेले नसत.

भ्रम म्हटला की आपल्याला दोरीवर भासणारा साप आठवतो, पण तो दृष्टान्त इथे लागू पडत नाही, कारण दोरी ओळखताच साप नाहीसा होतो. वेदान्तातलाच दुसरा दृष्टान्त इथे अधिक जुळतो. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसतो, आणि तो रंगहीन आहे हे कळल्यावरही, फूल दूर करेपर्यंत लालच दिसत राहतो. याला सोपाधिक भ्रम म्हणतात, म्हणजे जवळच्या एखाद्या गोष्टीमुळे (उपाधीमुळे) टिकून राहणारा भ्रम. रबराच्या हाताचा अनुभव या जातीचा आहे: कुंचल्यांचा मेळ ही त्याची उपाधी, आणि तो मेळ बिघडवला की भ्रम ओसरतो. यावरून मी असे मानतो की शरीराची स्वतःविषयीची जाणीव हा बुद्धीने दिलेला निर्णय नव्हे. ती निर्णयाच्या आधीची आहे.

शरीर ही जगातली आणखी एक वस्तू नसून जग आपल्याला ज्याच्यायोगे लाभते ते माध्यम आहे, असे फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मर्लो-पाँती यांनी १९४५ मध्येच मांडले होते. अंध माणसाला काठीच्या टोकाशी रस्ता जाणवतो, मुठीतली काठी नव्हे, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. स्लेटर यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या विचाराला अनपेक्षित दुजोरा मिळाला. प्रौढांना चार वर्षांच्या मुलाचे आभासी शरीर दिले असता त्यांना वस्तू वाजवीपेक्षा मोठ्या दिसू लागल्या. प्रौढाचेच शरीर तेवढ्या उंचीचे करून दिले, तेव्हाही आकार फुगले, पण कमी. म्हणजे केवळ डोळ्यांची उंची नव्हे, तर आपण कोणत्या शरीराने पाहतो तेही जगाचे माप ठरवते.

खऱ्या जागेत आभासी वस्तू मिसळणाऱ्या मिश्र वास्तवात प्रश्न आणखी बारीक होतो. तिथे स्वतःचाच हात दिसतो, पायाखालची फरशीही खरी असते, मात्र टेबलावरचा पेला आभासी असतो आणि बोटे त्यातून आरपार जातात. उजव्या हाताने डावा हात धरला तर दोन्ही हात स्पर्श करणारे आणि स्पर्शिले जाणारे ठरतात, हे तत्त्वज्ञ एडमंड हुसेर्ल यांचे निरीक्षण इथे कसोटीला लागते, कारण पेला मला उलट स्पर्श करत नाही आणि माझा हात तेवढ्यापुरता नुसता दिसणारा उरतो. उलट, खरा स्पर्श मिळाला तर काय होते ते एका प्रयोगात दिसले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात २००२ च्या सुमारास आभासी खोल खड्ड्याच्या काठावर लोकांना उभे केले जाई. पायांखाली केवळ दीड इंच उंचीची खरी लाकडी कड ठेवली, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके आणखी वाढले. अधिक स्पष्ट पडद्यांच्या मागे लागलेल्या या क्षेत्राने त्या लाकडी कडेकडे जास्त लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.