जबलपूर नव्हे, जमालपूर

नाशिकहून परत आलं की ओळखीचे लोक विचारतात, मिसळ कुठे खाल्ली? या वेळी खाल्लीच नाही. 16 डिसेंबरला, 1971 च्या बांगलादेश युद्धातल्या विजयाची आठवण म्हणून पाळतात त्या विजय दिवसाच्या कार्यक्रमाला नानांना घेऊन गेले होते. त्या सकाळी जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

नाना माझे चुलत आजोबा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वय 76. गुडघे साथ देत नाहीत, पण पाठ अजून बेळगावच्या ट्रेनिंगमधली. ज्येष्ठ सैनिकांच्या सत्काराचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचलं. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही त्या युद्धाची पदकं स्वतः ब्रासोनं घासली. ब्लेझर इस्त्रीला मी नेला, पण घडी कशी पडली ते त्यांनी उलटसुलट करून तपासलं.

कल्याणहून संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस, इगतपुरीपासून कडाक्याची थंडी, रात्री नाशिकरोडला आत्याकडे मुक्काम. प्रवासाचं एवढंच.

पत्रिकेत वेळ साडेनऊची होती. नाना सव्वानऊला खुर्चीवर होते. प्रमुख पाहुणे आले सव्वाअकराला. दोन तास! मंडपाचं कापड स्टेज आणि पुढच्या दोन रांगांपुरतं. त्या रांगांत कोट घातलेली तरुण मंडळी बसलेली, आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम ते तीसेक म्हातारे मागे उन्हात. नाशिकची डिसेंबरची पहाट हाडं गोठवते, पण अकराचं ऊन डोक्यावर आलं की वूलनच्या ब्लेझरमध्ये माणूस शिजतो. एकाच्या पायाला प्लॅस्टर होतं. पाण्याच्या बाटल्या फक्त स्टेजवर. मी आयोजकांपैकी एकाला सांगितलं, तर म्हणाला, "ताई, आत्ताच सुरू होतंय." शेवटी एनसीसीची एक मुलगी कुणी न सांगता कळशी आणि स्टीलचे दोन पेले घेऊन आली आणि एकेका आजोबांपुढे वाकून पाणी देत गेली. त्या अख्ख्या कार्यक्रमात खरं आदरातिथ्य मला तेवढंच दिसलं. घरच्या वडीलधाऱ्यांना अशा ठिकाणी नेणार असाल तर छत्री आणि पाणी सोबत ठेवा. मी ठेवलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग सत्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो, पुढचा. निवेदकाच्या हातात यादी होती आणि त्याला घाई होती. नानांचं नाव आलं. "1971 साली जबलपूरच्या लढाईत शौर्य गाजवणारे..."

नाना पायरीवरच थांबले. पाहुण्यांनी शाल पुढे केली, ती घेतलीच नाही. माइककडे वळले.

"जमालपूर."

निवेदक "हो हो" म्हणाला. नाना शांतपणे म्हणाले, "जबलपूर आपलंच आहे. तिथं आम्ही कशाला लढू?"

पुढच्या रांगेत हशा पिकला. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं, कारण कॉलेजात जाईपर्यंत मीही जमालपूर म्हणजे बिहारमधलं, रेल्वे वर्कशॉपचं, असंच समजत होते. तिथं कसली लढाई, हे नानांना कधी विचारलं नाही. बांगलादेशात, ब्रह्मपुत्रेच्या काठी त्याच नावाचं गाव आहे, हे मला पुस्तकातून कळलं. घरातल्या माणसाकडून नाही.

आणि तेवढ्यात अगदी शेवटच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "कोणती कंपनी?"

नानांनी कपाळावर हात धरून उन्हात पाहिलं. "डेल्टा!"

"मी ब्राव्हो!"

एक बारीक अंगाचे बाबा उभे होते. धोतर, टोपी, सुती सदऱ्यावर मेडल टाचलेली. नाना शाल तशीच सोडून खाली उतरले. गुडघ्यांचं काय झालं कुणास ठाऊक, मला धरायलाही वेळ मिळाला नाही. दोघे एकमेकांना चेहऱ्यानं ओळखत नव्हते. तरी हात जे धरले ते सुटेनात. "राम राम साहेब," "राम राम," एवढंच दोन-तीनदा.

पुढची भाषणं कुणी ऐकली? मी तरी नाही. मी त्या दोघांच्या मध्ये जमिनीवर बसले होते. पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे कशी गेली, टांगाईलचा रस्ता कसा अडवला, हे एक सांगायचा आणि दुसरा दुरुस्त करायचा. आत पाकिस्तानची बलुच रेजिमेंट होती. आपल्या ब्रिगेडियर साहेबांनी शरण या म्हणून पत्र धाडलं, तर उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली. हे सांगताना ब्राव्होवाले बाबा मुठीतून काहीतरी उलगडल्यासारखं करून दाखवत होते. मग 10 डिसेंबरची रात्र. वेढ्यातून निसटायला शत्रू थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आला, पुन्हा पुन्हा आला. "अंधारात आपला कोण ते शिवाजी महाराजांच्या जयघोषावरून कळायचं," नाना म्हणाले. उजाडलं तेव्हा जमालपूर पडलं होतं. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागतीवर सही झाली आणि सगळे मिळून सुमारे 93,000 जण कैदी झाले, त्याबद्दल दोघे फारसं बोललेच नाहीत. सकाळी मोर्चासमोर जे पाहिलं तिथेच थांबले. बराच वेळ गप्प होते.

राष्ट्रगीत लागलं. नाना काठीशिवाय उभे राहिले. प्लॅस्टरवालेही.

दुसऱ्या दिवशी रामकुंड, काळाराम मंदिर, ठीक.

पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी नानांनी हट्टानं रिक्षा करून बाबांना एसटी स्टँडवर सोडायला लावलं. ते सटाण्याकडून पहाटेच्या गाडीनं एकटेच आले होते. नातवाचा नंबर त्यांनी चिठ्ठीवर आणला होता, तो मी फोनमध्ये घेतला. गाडी हलली, खिडकीतून सॅल्यूट आला, नानांनी भर गर्दीत टाचा जुळवून परत दिला.

"नाव काय लिहू?" मी विचारलं.

"नाव नंतर घाल," नाना म्हणाले. "आधी लिही, जमालपूर, ब्राव्हो."