तुम्ही विचारलंत म्हणून: लॅसिक सोडून ती 'जुनी' लेसर का केली?

चष्मा गेल्यापासून कॉलेज रोडला चहाला कोणी भेटलं की हाच प्रश्न, की अरे लॅसिकवाला (नंबर घालवायची हल्लीची नेहमीची लेसर) दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो, मग तू ती दुखणारी पीआरके, म्हणजे फ्लॅप न कापता करतात ती जुनी लेसर, का करून घेतलीस, पैसे वाचवायला का? नाही हो, कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ निघाला माझा. साधारण 540 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, माझा 490. लॅसिकमध्ये आधी 110-120 चा फ्लॅप, म्हणजे वरचा पापुद्रा, कापून उचलतात आणि तो परत बसवला तरी ताकदीत धरत नाहीत, नंबर मायनस 4, एका नंबरला 15 च्या आसपास म्हणजे 60 लेसरने गेले, उरले 310. पीआरकेत फक्त वरची 50 ची साल काढतात, ती पुन्हा उगवते, आणि लेसरचे तेच 60 गेले की खाली उरतात 380. डॉक्टरांनी हे प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहून दाखवलं, मग पुढे काय बोलणार. फार पातळ झालं तर बुबुळ पुढे फुगायची भीती असते.

आता 'जुनी' म्हणाल तर एक्सायमर, म्हणजे कॉर्नियाला आकार देणाऱ्या, लेसरच्या पीआरकेला अमेरिकेत 1995 साली मंजुरी मिळाली, म्हणजे जुनी आहेच. पण तेव्हाचा मोठा त्रास म्हणजे हेझ, जखम भरताना बुबुळावर धुरकट डाग यायचा, नंबर जास्त असेल तर जास्तच. आता लेसर बारीक ठिपक्यांनी फिरतो, डोळा हलला तर ट्रॅकर त्याच्या मागोमाग जातो, जाहिरातीत याचंच कौतुक. मला विचाराल तर खरा फरक मायटोमायसिनने पाडला. हे मुळात कॅन्सरचं औषध (हे ऐकून आमच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता), 0.02 टक्के, छोट्या गोल स्पंजवर घेऊन काही सेकंद बुबुळावर ठेवतात आणि लगेच भरपूर गार सलाईनने धुतात. तो गारवा इतका बरा वाटतो, कारण त्याआधी केस जळल्यासारखा वास नाकात बसलेला असतो.

दुखणं मात्र अजून आहे. साल भरेपर्यंत बँडेज लेन्स (जखम झाकणारी कॉन्टॅक्ट लेन्स) असते, तरी पहिले दोन-तीन दिवस पोतंभर कांदा चिरून तेच हात डोळ्याला लावल्यासारखं होतं, पडदे बंद, मोबाईल लांब. नजरही हळूहळू स्वच्छ होते, मध्येच वाटतं काही चुकलं की काय, तसं नसतं.

आणि ऊन. यूव्हीने हेझ वाढतो, त्यामुळे नाशिकच्या एप्रिलमध्ये दुचाकीवर गॉगलशिवाय निघायचं नाही, आणि औषध डोळ्यात जायला नको म्हणून निफाडच्या बागेत फवारणी चालू असेल तर तिकडे फिरकायचंच नाही. स्टेरॉइडचे ड्रॉप्स दिसायला लागलं म्हणून स्वतःच बंद करू नका आणि संपले म्हणून मेडिकलमधून आणून चालूही ठेवू नका, डोळ्याचं प्रेशर वाढतं त्याने, तपासणीला जायचंच.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ऑपरेशनपूर्वीच्या कॉर्नियाच्या स्कॅनआधी त्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर आकार चुकीचा येतो. आणि चाळिशीचा चष्मा लागणारच, तो या लेसरने टळत नाही, नंतर मला फोन करू नका.