वसुली दाखल्याआधी हप्ते

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीची मी खजिनदार. तळमजल्यावरच्या काकूंचा मेंटेनन्स काकांच्या आजारपणात थकला, तेव्हा कमिटीत एकच सूर: वसुली दाखला, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करायचा सरकारी कागद, आणा. सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडून तो मिळतो, मग वसुली अधिकारी फ्लॅटवर जप्तीही आणू शकतो. हक्क सोसायटीचाच, मान्य. पण आधी माणसाशी बोला ना!

बिल काढून पाहिलं, तर शेवटच्या रकान्यात व्याजावर व्याज चढलेलं. आमच्या उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमांत, सरळव्याज आहे, तेही वर्षाला २१ टक्क्यांच्या आत. मी ते कमी करून घेतलं. मग हप्ते ठरले, ठराव झाला, काकूंची सही घेतली. चालू बिल वेगळं, थकबाकीचा हप्ता वेगळा, हे मात्र लेखी हवंच. नाहीतर पुढची कमिटी पुन्हा भांडत बसते.