पाव फेरा

८ जून

पहिला जोरदार पाऊस. भोसरीहून घरी यायला दोन तास लागले. कपडे बदलले आणि चहाच्या आधी बेस गिटार काढली. वाटलंच होतं, तारा उठल्या आहेत. मे महिन्यात नुसतं बोट टेकवलं की बोलणारी बेस आज दाबावी लागतेय. पावसाळ्यात दारं फुगतात, पापड सादळतात, तशी लाकडाची नेक, म्हणजे गिटारची मानही हवा पिते. गंमत अशी की माझ्याकडच्या दोन बेसपैकी ही पावसात पुढे वाकते आणि दुसरी मागे जाते. एकाच खोलीत, एकाच हवेत राहून. सख्ख्या भावांचं असतं तसं.

बेसच्या चार तारांचा मिळून ताण ७५-८० किलोच्या घरात जातो. म्हणजे मीच नेकला लटकलोय असं समजा. ही ओढ तोलायला नेकच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती आवळली की नेक सरळ होते, सैल सोडली की तारा नेकला पुढे ओढतात. नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार बोटाने दाबायची आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते मोजायचं. मला ०.३० मिलिमीटर लागते. आज ०.६० भरली.

फट मोजायचं पातळ पात्यांचं फिलर गेज नाना पेठेतून आणलंय, गाड्यांच्या टॅपेट सेटिंगचं. दुकानदाराने "कुठली गाडी?" असं विचारलं होतं. बेस गिटार समजावत बसण्यापेक्षा "स्कूटर" म्हणालो.

पाव फेरा आवळला आणि थांबलो. एका दिवसात पाव फेऱ्याहून जास्त नाही, हा माझा नियम. लाकूड सावकाश ऐकतं. उद्या पुन्हा मोजू.

९ जून

०.३५. चालेल. तरी ०.०५ डोक्यात राहिलेच. कंपनीत क्वालिटीत असल्याचा हा परिणाम. ड्रॉइंगवर टॉलरन्स दिसला की मधलीच फिगर हवी असते.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "दोनपैकी एक काढ रे आता. पावसाळ्यात कपडे वाळत घालायला जागा नाही." नऊ वर्षांत सहा बेस घेतल्या, चार विकल्या. तिने हा हिशेब कधी काढला नाही, मीच मनात काढतो. पहिली तर इंटरनेटवर फोटो बघून घेतली होती. ती आली तेव्हा तिची नेक पिळलेली होती, ओल्या लाकडाच्या फळीसारखी. पिळाला ट्रस रॉड काही करू शकत नाही. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. ती विकताना मी पिळ लिहूनच टाकला होता. अर्ध्या पैशात गेली, पण झोप लागली.

१२ जून

कुठली विकायची, यावर दोन दिवस घालवले. माझ्याकडे एक प्रिसिजनच्या घाटाची आहे आणि एक जॅझ बेसच्या. अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने प्रिसिजन १९५१ मध्ये काढली, जॅझ बेस १९६० मध्ये. आज जगात जी बेस उचलाल ती बहुतेक करून यातल्या एकीची लेक किंवा पुतणी असते. माझ्या दोन्ही अशाच, परवडणाऱ्या पोटजातीच्या.

शेवटी निर्णय घेतला तो आमच्या सोसायटीच्या अर्थिंगने. जॅझ बेसला दोन पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारे चुंबक असतात. त्यातला एकच चालू ठेवला की घरात घूंऽऽ सुरू होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सर्वांत जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी हा सूर असतो ४९ हर्ट्झचा. म्हणजे भिंतीतली वायर दिवसभर जवळजवळ जी लावून बसलेली असते, किंचित चढा. दोन्ही पिकअप सारखे उघडले की घूं मरते, पण बघायला आलेल्या माणसाला हे समजावणार कसं? तो म्हणणार, आवाज येतोय, खराब आहे. प्रिसिजनचं तसं नाही. १९५७ पासून तिचा पिकअप दोन तुकड्यांचा आहे, आणि दोन तुकडे एकमेकांची घूं खाऊन टाकतात. ती घरात शांत बसते. म्हणून तीच विकायची. मुलीला बघायला येणार असले की शहाण्या मुलीलाच पुढे करतात, तसं झालं हे. वाईट वाटलं थोडं.

१४ जून, दुपार

विकायच्या आधी साफसफाई. तारा काढल्या, फ्रेटबोर्डवरचा, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीवरचा वर्षानुवर्षांचा काळा मळ जुन्या टूथब्रशने काढला, लाकडाला थोडं तेल पुसलं. खालून भुरकट-तपकिरी रेषा वर आल्या. घेताना जर्मनीला निघालेल्या मुलाने "रोजवूड आहे" असं सांगितलं होतं. आज मॉडेलची माहिती शोधली तर 'इंडियन लॉरेल' निघालं. हे कसलं लाकूड म्हणून आणखी खोदलं, तर ऐन! आपला सह्याद्रीतला ऐन. गावच्या घराचे वासे ऐनाचे होते. झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी, लहानपणी तिच्यावर नख चालवत बसायचो. त्याच जातीच्या लाकडावर मी इतकी वर्षं बोटं फिरवतोय आणि मला पत्ता नाही.

हे ऐनाचं फॅड आलं तेही एका कायद्याच्या धांदलीत. २०१७ च्या जानेवारीत डाल्बर्जिया प्रजातीतल्या लाकडांवर सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात निर्बंध आले. आपला शिसव, म्हणजे रोजवूड, त्याच प्रजातीतला. मग वाद्यं बनवणाऱ्यांनी पाऊ फेरो, लॉरेल अशी दुसरी लाकडं धरली. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण स्वस्त बेसवर ऐन टिकला. माझ्या जाहिरातीत 'रोजवूड' लिहायचं होतं ते खोडून 'ऐन' लिहिलं. मग ते खोडून 'लॉरेल' लिहिलं. ऐन लिहिल्यावर कोण घेणार?

जुन्या तारा उकळून बघितल्या. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवल्या की घामाचा-तेलाचा थर निघतो आणि तार दोन-चार आठवडे पुन्हा खणखणते. पातेलं मात्र भाजीचं निघालं. त्यावर घरात झालेलं बोलणं इथे लिहीत नाही. नवा सेट टाकला, दोन हजारांच्या वर गेला. विकायच्या वस्तूवर कोणी इतके घालतं का? मी घालतो.

१५ जून

जाहिरात टाकून चोवीस तास. आलेले निरोप:
"लास्ट प्राइस?"
"अव्हेलेबल?" (याला हो म्हटलं. पुढे काही नाही.)
"पीएस फोर देतो, वर तीन हजार तुम्ही द्या."
"सहा तारा का नाहीत? दोन तुटल्यात का?"
"अँप फ्री ना?"
एकाने रात्री सव्वाबाराला फोन करून अर्धा तास पिकअपच्या चुंबकांवर चर्चा केली आणि शेवटी म्हणाला, घ्यायची नाहीये, असंच. त्याच्यावर राग आला नाही. नऊ वर्षांत मीही असे बरेच फोन केलेत.

रात्री बसून शेवटचं इंटोनेशन लावलं. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला तर सॅडल, म्हणजे तार टेकते ती छोटी घोडी, मागे सरकवायचं, उतरता आला तर पुढे. चारही तारा काट्यावर आणल्या. ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची, सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.० मिलिमीटर. कुठेही खरखर नाही. इतकी सुंदर ती माझ्याकडे कधीच नव्हती. मग वाजवायला घेतली आणि सात-आठ मिनिटांत ठेवून दिली. आवळायला काही उरलं नव्हतं.

हे लिहिताना लाज वाटतेय, पण रोजनिशीत नाही लिहायचं तर कुठे? मला वाजवण्यापेक्षा लावण्यातच जास्त गोडी आहे. नऊ वर्षांपूर्वी जी चार गाणी येत होती तीच आजही येतात. लिओ फेंडरला म्हणे गिटार वाजवता येत नव्हती, सुरात लावताही येत नव्हती. हे वाचल्यापासून मी ते दर दोन महिन्यांनी स्वतःला सांगतो. पण त्याने प्रिसिजन बनवली. मी ०.३० मोजतो.

२१ जून, रात्री उशिरा

गेली.

साताऱ्याकडची मुलगी, इथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडील खास बस पकडून आले होते. आल्या आल्या त्यांनी बेस उचलून वजन बघितलं, मागे वळवली, स्क्रू बघितले. शेतीची अवजारं घेणाऱ्याची नजर. "साहेब, हिचं काय काय बिघडतं?" एवढं विचारलं. नऊ वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी मनापासून सांगितलं: पावसात नेक हलते, तारा जुन्या होतात, बाकी काही नाही.

मुलगी सोफ्याच्या कडेला बसली. सुरात आहे का हे कानानेच तपासलं, ट्यूनर नको म्हणाली. आणि वाजवायला लागली. हात जड! माझ्या सेटिंगवर तिने दुसऱ्याच फटक्याला सगळी खरखर बाहेर काढली. तारा फ्रेटवर आपटत होत्या. माझं तोंड उतरलं. २.० मिलिमीटर, ०.३० ची फट, दोन आठवड्यांची मेहनत, आणि आवाज डबा बडवल्यासारखा.

मी म्हटलं, "जरा हलक्या हाताने वाजवून बघ."

ती म्हणाली, "काका, हलक्या हाताने वाजवलं तर ड्रमरच्या पुढे ऐकूच येत नाही."

यावर काय बोलणार? पाना घेतला, तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सॅडल वर घ्यायला लागलो. अर्धा फेरा, ती वाजवायची, मी ऐकायचो. आणखी अर्धा. तिचे वडील चहा पीत बघत होते. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढून घेताना मामाबरोबर एकदा बसलो होतो, ते आठवलं. तिथला कारागीर घोडीवर कानस फिरवायचा आणि प्रत्येक वेळी मामाला म्हणायचा, छेडा. फरक इतकाच की त्याला झणकार हवा होता, मला तो घालवायचा होता. त्याच्या हातात मोजपट्टी नव्हती.

खरखर गेली तेव्हा मोजलं नाही. सवय अशी की ती हात धुवायला उठल्यावर मोजलंच: २.६. उंची वाढली की दाबताना तार जास्त ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून सॅडल थोडी मागे घेऊन इंटोनेशन पुन्हा जुळवलं. मग तिने जे वाजवलं त्यात सूर चारच होते. पण खिडकीची काच हलली. पंखा, कपाटाची चावी, स्टीलचे डबे, सगळं थरथरलं. ही बेस माझ्या हातून अशी कधी बोलली नव्हती. बायको स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. ती माझं वाजवणं ऐकायला कधी उठून आलेली नाही (तिच्या बाजूने सांगायचं तर मी पाच मिनिटांच्या वर वाजवत नाही).

डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची ढिगाने गाणी ज्याच्या बेसवर उभी आहेत, तो एका तर्जनीने वाजवायचा, जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा आणि उंच ॲक्शन. तारा तुटेपर्यंत बदलत नसे. हे मला वर्षानुवर्षं पाठ आहे. आणि तरीही मी दर जूनला दीड दशांश मिलिमीटरसाठी रात्री जागवतो.

पैशाची बोलणी दोन मिनिटांत झाली. मी चौदा म्हणालो होतो, वडील म्हणाले बारा, मुलगी म्हणाली "बाबा, तारा नव्या आहेत." तेरात दिली. कव्हर, पट्टा, जुन्या उकळलेल्या तारा आणि ट्रस रॉडची चावी सोबत. पाव फेरा कसा द्यायचा, कुठल्या बाजूला, ते दाखवलं. तिने फोनवर व्हिडिओ काढला. वडिलांनी बेस बॅगेत घालून छातीशी धरली, पाठीवर नाही, पाऊस होता म्हणून. रिक्षा येईपर्यंत आम्ही तिघं जिन्यात उभे होतो.

२४ जून

रिकाम्या स्टँडवर बायकोने माझा रेनकोट वाळत घातलाय. बरोबर बेसच्या उंचीचा बसतो.

मुलीचा निरोप आला: "काका, प्रॅक्टिस झाली. ड्रमर म्हणाला आवाज कमी कर." 

रात्री जॅझ बेस काढली. ही पावसात मागे जाणारी, खालच्या फ्रेटांवर खरखरते. फट मोजली तर जवळजवळ शून्य. सळई पाव फेरा सैल करायला हवी. डबा उघडला आणि लक्षात आलं, हिलाही तीच चावी लागायची. ती साताऱ्याच्या पोरीच्या बॅगेत. कंपनीतून उद्या लांब दांड्याची बघतो.

सॅडल तेवढी वर घेतली, अंदाजाने. रेनकोटातून टपटप पाणी गळत होतं. त्या ठेक्यावर पाऊण तास वाजवत बसलो. चार गाण्यांतलं एक मधेच विसरलो, ते सापडेपर्यंत साडेअकरा झाले.