हो, मीच शिकवायचे

विचारणाऱ्याला आधी हसू येतं, प्रश्न मागून येतो. "प्रागला इंग्रजी शिकवायचात? गोऱ्यांना? तुम्ही?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात. दाताच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' आहे. शेवटच्या 'तुम्ही'त जे काय काय भरलेलं असतं, त्याचं उत्तर लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत देता येत नाही. म्हणून इतकी वर्षं नुसती हसून वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंतच, तर पूर्ण ऐका.

नवऱ्याची नोकरी, २०१४ सालचं जाणं, लेकीची शाळा, बर्फातले फोटो हे सगळं सासूबाईंनी नाशिकभर, गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत पोचवलेलं आहे. ते सोडते.

आधी ते 'गोऱ्यांना'. प्राग ही चेक लोकांची राजधानी. चेक माणूस गोरा असतो, पण इंग्रज नसतो. त्याची भाषा चेक. १९८९ पर्यंत तिथल्या शाळांत रशियन सक्तीचं होतं. त्यामुळे माझ्या वर्गातल्या पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींनी इंग्रजीला हात घातला तोच मुळी नोकरीत केस पांढरे व्हायला लागल्यावर. फॉरेन म्हणजे एकच मोठं गाव आणि तिथे घरोघरी इंग्रजी, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला आयुष्य काढलेल्या माणसांचीही ती सुटलेली नाही.

आता 'तुम्ही'. मी मराठी माध्यमाची. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. मी त्याच्या आधीची, पाचवीत एबीसीडी गिरवलेली. पुढे इंग्रजीत एम. ए. झाले, इथे दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवलं, आणि प्रागला गेल्यावर केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा कोर्स केला. तो १२० तासांचा असतो, त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून शिकवायचं आणि मागे परीक्षक वही घेऊन बसणार. हे सांगितलं की लोक मान डोलवतात, पण डोळ्यांतली शंका जात नाही. मग मी जरा चिडून पुढचं सांगते.

इंग्रजीत नामाआधी 'ए' लावायचा की 'द', हे चेक माणसाला कळत नाही, कारण त्याच्या भाषेत ते नाहीच. मराठीतही नाही. मला ते कुणीतरी फळ्यावर मांडून शिकवलं होतं, म्हणून मलाही मांडता येतं. व्ही आणि डब्ल्यूचा घोळ त्यांचा तोच आपलाही. प्रेझेंट परफेक्ट त्यांच्याकडे नाही, आपल्याकडे 'मी जेवले आहे' आहे, म्हणजे तिथे मी त्यांच्या एक पाऊल पुढेच. आणि त्यांची भाषा मी थोडीफार शिकले ती शाळेत घोकलेल्या विभक्त्यांच्या जोरावर. चेकमध्ये सात विभक्त्या आहेत, त्यांत संबोधनही आहे. पेत्रला हाक मारताना 'पेत्रे'सारखं काहीतरी म्हणावं लागतं. माझ्याबरोबरचे अमेरिकन शिक्षक यापुढे हात टेकायचे. मला प्रथमा-द्वितीयावाल्या बाई आठवायच्या आणि रेटून न्यायचे.

पाहा, झालं ना पुन्हा तेच. कुणी विचारलं की मी लायकीचा दाखला काढून दाखवायला लागते. तिथल्या त्या अमेरिकनांना कुणी असं विचारत नव्हतं.

रोजचं आयुष्य म्हणाल तर त्यात फोटोत यावं असं फार काही नव्हतं. आम्ही प्रागच्या विनोह्राडी भागात राहायचो. तिथे पूर्वी द्राक्षांचे मळे होते, त्यामुळे नाशिकचं माणूस बरोबर जागी आलं, असं नवरा पाहुण्यांना सांगायचा. पहिला तास साडेसातला, कंपनीच्या मीटिंगरूममध्ये, लोक कामाला लागायच्या आत. डिसेंबरमध्ये सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, म्हणजे तास सुरू व्हायचा तो अंधारातच. नामेस्ती मीरूच्या मेट्रो स्टेशनात ८७ मीटर लांबीचा सरकता जिना आहे. त्यावर उभं राहून मी दिवसाचा पाठ मनात घोळवून घ्यायचे. तास साठ किंवा नव्वद मिनिटांचे, पैसे तासावर. आजारी पडलं की शून्य. विद्यार्थ्याने चोवीस तास आधी रद्द केलं की शून्य. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं शहर गावाकडच्या घरी जातं, तेव्हा जवळजवळ शून्य. आपल्याकडे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना हे हिशेब समजावून सांगावे लागणार नाहीत.

सगळ्यांत अवघड असायचे ते मधले तास. सकाळचे वर्ग साडेनऊला संपायचे, पुढचा एकदम दीडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. घरी जाऊन येण्यात जीव नाही. मग मॉलमधल्या बाकावर पोळीभाजीचा डबा उघडायचा, लोकांच्या वह्या तपासायच्या आणि फुकटचं स्वच्छतागृह कुठे आहे ते लक्षात ठेवायचं. शनिवारी लिबुशच्या व्हिएतनामी बाजारात कोथिंबीर आणि मिरच्या. कुणाच्या घरी शिकवायला गेलं की बूट दारात काढायचे आणि पाहुण्यांच्या सपाता घालायच्या. लिफ्टमध्ये शिरताना अनोळखी माणसालाही 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार म्हणायचं. एवढ्याने मला तिथे बरं वाटायचं, हे खोटं नाही.

आता ती गोष्ट, जी महिला मंडळात एकदा सांगून मी टाळ्या घेतल्या होत्या. तेव्हा सांगितली तशी आज सांगणार नाही.

प्रागच्या पांक्राट्स भागात एका मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागात माझा पाच जणांचा गट होता. मंगळवार-गुरुवार, साडेसात. त्यात साठीला टेकलेल्या एक बाई होत्या. नाव लिहीत नाही, बाई म्हणते. रशियन उत्तम, जर्मन बरं, इंग्रजी शून्यातून माझ्याकडे सुरू केलेलं. कागदाला समास आखून यायच्या. चुकल्या की स्वतःवर चिडायच्या आणि तेच वाक्य तीनदा म्हणायच्या. नाताळच्या आधी घरच्या बिस्किटांचा डबा हातात द्यायच्या, वर पाककृतीची चिठ्ठी, इंग्रजीत, लाल शाईने खुणा करायला जागा सोडलेली. माझा त्या गटात जीव होता.

सत्र संपत आलं तेव्हा भाषाशाळेच्या समन्वयक मुलीचा फोन आला. तुमचा अभिप्राय उत्कृष्ट आहे, म्हणाली. त्यानंतर ती जरा थांबली, आणि मला अंदाज आला. गटाला पुढच्या सत्रापासून 'नेटिव्ह' हवा आहे. म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा. तुमची काही तक्रार नाही, फक्त तुम्ही शेवटचा तास नव्या शिक्षकाबरोबर घ्या आणि गट सोपवून द्या.

नवा शिक्षक म्हणजे नुकताच कॉलेज सुटलेला अमेरिकन मुलगा. चांगला होता, हे मुद्दाम सांगते, कारण मंडळात मी त्याची नक्कल केली होती. मुझेउम स्टेशनवर भेटलो, गाडीत शेजारी बसलो. त्याने वही काढली आणि अगदी साधेपणाने विचारलं, की प्रेझेंट परफेक्ट तुम्ही यांना कसं समजावता, मला ते नुसतं येतं, सांगता येत नाही. मुझेउम ते पांक्राट्स चार स्थानकं. मधे मेट्रो दरीवरच्या पुलाच्या पोटातून जाते. तेवढ्यात मी त्याला ते समजावलं. रेघ काढून, काल आणि आज दाखवून. त्याने लिहून घेतलं. "वॉव," म्हणाला. मंडळात इथे टाळ्या पडल्या होत्या.

तास झाला. त्याने तोच पाठ घेतला, माझ्याच रेघेने, आणि लोक त्याच्या विनोदांना हसले. मी मागच्या खुर्चीत. संपल्यावर बाई माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, मागणी मी केली होती. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

मी का म्हणून विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. शब्द हुडकत, पण व्याकरण नीट सांभाळत. "तुमचं सगळं मला कळतं. अडचण तीच आहे. लंडनचा माणूस फोनवर बोलतो तेव्हा काहीच कळत नाही." मला बोलायचं होतं, की तुमच्या कॉलवर लंडनपेक्षा पुण्याची टीम जास्त असते, आठवड्यातून तीनदा. वर्गात त्या टीमच्या ईमेल मीच सोडवून दिल्या होत्या. मी ते म्हटलंच. बाई म्हणाल्या, "हो, पुणं आता छान कळतं. तुमच्यामुळे."

त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि लिफ्ट आली.

हा वर्णद्वेष होता, असं मी मंडळात ठणकावून सांगितलं होतं. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाईंच्या बोलण्यात चूक काय होती? ज्याचा उच्चार कानावर पडणार, तो कान आधी तयार करायला हवा, हे कुठलाही शिक्षक मान्य करेल. मीही करते. मग तेव्हाची मी उलट विचारते, तसं असेल तर स्कॉटलंडचा शिक्षक का नाही मागितला, अमेरिकन मुलाने लंडनचा फोन कसा कळणार? आणि कान तयार करायला ध्वनिफीत पुरते, गट काढून घ्यावा लागत नाही. इंग्रजी शिक्षकांच्या टीसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ सालीच निवेदन काढलं होतं, की जन्मभाषेवरून शिक्षकांत भेदभाव करू नका, पात्रता आणि शिकवणं बघा. ते मी छापून पर्समध्ये ठेवलं होतं. बाईंना दाखवावं असं वाटलं नाही. समन्वयक मुलीला दाखवावं असं वाटलं, पण पुढच्या सत्राचे गट तिच्याच हातात होते.

त्यामुळे परत आलात का, हा तुमचा पुढचा प्रश्न. नाही. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन, नवऱ्याचा संपलेला करार, मुलीची दहावी, कारणं भरपूर होती. पण परतायचं ठरलं तेव्हा मी फारशी कुरकुर केली नाही, हे नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. त्याने विचारलं नाही.

नाशिकला येऊन कॉलेज रोडला घरातच क्लास सुरू केला. फलक छापणारा म्हणाला, "मॅडम, युरोप रिटर्न टाकू? चालतं." मी नको म्हटलं. त्याने दर तोच लावला आणि कोपऱ्यात आपणहून आयफेल टॉवर काढून दिला. प्राग आणि पॅरिसमधलं अंतर त्याला समजावत बसले नाही. पालक येतात, अंबड-सातपूरच्या कंपन्यांतले इंजिनिअर, द्राक्ष बागायतदार. अर्ध्यांची मुलं आयईएलटीएसला, परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेला बसणार असतात. ब्रिटनच्या व्हिसासाठी काही देशांच्या नागरिकांना इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागत नाही. त्या यादीत अमेरिका आहे, जमैका आहे, माल्टा आहे, भारत नाही. बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात फी भरलेल्या बापाला हे सांगितलं की तो माझ्याकडेच संशयाने बघतो. एकाने तर तोंडावर विचारलं, "एवढी वर्षं तिकडे राहून तुमचा अ‍ॅक्सेंट तर आपलाच आहे की हो?" मुलाला त्याने दुसरीकडे घातलं. तिथले सर नाशिकरोडचे आहेत आणि 'वॉटर'चं 'वॉडर' करतात.

बाईंनी निदान लिफ्टपर्यंत येऊन कारण दिलं होतं. इथे कुणी देत नाही, म्हणून मला प्रागचा राग कमी आणि तुमचा जास्त येतो, हेही एकदा सांगून टाकते. तिथे आठ-दहा जणांनी विचारलं असेल, की भारतातून येऊन इंग्रजी कसं शिकवता. त्यांना आपल्याकडचं माहीत नव्हतं. तुम्हाला तर सगळं माहीत आहे.

आणि हे एवढं लिहून झाल्यावर मागच्या आठवड्यातलं सांगायला हवं. लेकीला जर्मन शिकायचंय. एका शिक्षकांचा नंबर मिळाला, लोक चांगलं सांगत होते. फोन लावला. मुलीचं वय, वेळ, काहीच बोलणं झालं नव्हतं, आणि मी विचारलं, "सर, तुम्ही जर्मनीत राहिलात का?"

"नाही, मॅडम. पुण्याला मॅक्स म्युलर भवनात शिकलो. सी वन लेव्हल झालीय. का?"

मी फी विचारली.