मानेचा पेशंट

चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘गिडीनेस, सर्व्हायकल स्पाँडिलोसिस, ट्रॅक्शन द्या.’ म्हणजे चक्कर, मानेच्या मणक्यांची झीज, मानेला ताण द्या. फिजिओथेरपीत आमच्याकडे अशा चिठ्ठ्यांना तोटा नाही. पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एक्सरे काढा, झीज बहुतेक दिसतेच. मग चक्कर तिच्या नावावर खपवून मोकळं व्हायचं.

पेशंट साठी ओलांडलेले, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, तिच्यावर कॉलर. मी विचारलं, “काका, घर गरगर फिरतं, की तुमचाच तोल जातो?”

“घर कशाला फिरंल? मीच भेलकांडतो. तेबी तोंड धुताना. डोळ्यावर पाणी मारलं की थेट नळावर!”

काकू मागून म्हणाल्या, “चप्पल पायातनं निसटली तरी यांना पत्ता नसतो, मॅडम. तसंच जात्यात पुढं.”

मानेचा विषय माझ्यापुरता तिथंच संपला. तोल सांभाळतात डोळे, आतला कान आणि पायांकडून येणारी खबर. ती खबर तुटली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो आणि डोळे मिटले की कोसळतो. काकांना पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला लावले. धरायला मी शेजारी होतेच. लगेच डुलायला लागले. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला. “गार लागतंय.” थरथर? “न्हाई.” घोट्यावर? “न्हाई.” गुडघ्याखालच्या हाडावर आल्यावर म्हणाले, “हां, आता मुंग्या आल्यागत.” डोळे मिटवून अंगठा वर-खाली केला, तर सगळी उत्तरं अंदाजपंचे. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. त्याआधी एक्सरे, कानाच्या तपासण्या आणि चक्करेवरच्या बीटाहिस्टिन गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं.

मधुमेहाची मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू, मांस-अंडी वर्ज्य, दूध फक्त चहापुरतं. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडून मज्जारज्जूतून जाणारी पायांची खबर तुटायला एवढं पुरे. मधुमेहानंही पाय बधिर होतात, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय बोलण्यात अर्थ नव्हता. ‘ट्रॅक्शन दिलेलं नाही, बी-१२ बघावं’ असं ठळक लिहून काकांना परत फिजिशियनकडे पाठवलं. बी-१२ फारच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली.

डोक्यातून जात नाही तो फाइलमधला सगळ्यात जुना कागद. सरकारी दवाखान्यातला, कुणा इंटर्नच्या किरट्या अक्षरातला : ‘अनस्टेडी, वर्स इन डार्क.’ म्हणजे तोल जातो, अंधारात जास्त. पोरानं किंवा पोरीनं काकांचं बोलणं ऐकून लिहिलं होतं. पुढच्या कागदावर त्याचं ‘गिडी’ झालं आणि ‘डार्क’ गळालं. तिथून पुढे प्रत्येकानं मागच्याचं उतरवून घेतलं. गिडी म्हटलं की कान नाहीतर मान; अनस्टेडी वाचलं असतं तर कुणीतरी पायांकडे वळलं असतं. बरं, कागद सोडा, पेशंट प्रत्येकाच्या समोर खाली बघत, पाय आपटत चालत आला असणार की!

काका आता दिवसा भिंत न धरता चालतात. अंधारात अजून नाही, आणि जुनी झालेली मज्जारज्जूची इजा पूर्ण भरून येईलच असं नाही, हेही सांगून झालंय. तरी पायी वारीचं विचारतातच. म्हटलं, उजेडात, कुणाचा तरी हात धरून आणि मागं पट्टा असलेली सँडल घालून. सँडलचं काकूंना पटलंय, काकांना नाही.