रूम टोनमधला मी

माझं काम आवाजाचं. जाहिराती, फोनवरच्या सूचना, कधी एखादं ऑडिओबुक. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात माडीवर एक खोली आहे, भिंतींना गाद्या आणि आईच्या विटक्या गोधड्या टांगलेल्या. मे महिन्यात तिथं कूलर बंद करून बसावं लागतं, नाहीतर माइकात नुसती घरघर. बनियनवर बसायचं, वीस मिनिटं वाचायचं, बाहेर येऊन माठातलं पाणी प्यायचं, परत आत.

वाचून झालं की श्वास कापायचे. दोन वाक्यांमधला श्वास स्क्रीनवर केसाळ सुरवंटासारखा दिसतो. पूर्ण उडवला तर आवाज मेल्यासारखा वाटतो, म्हणून नुसता दाबायचा. (हल्ली मशीनच्या आवाजात श्वास मुद्दाम घालून देतात म्हणे. आम्ही जन्मभर कापत आलो.)

गेल्या उन्हाळ्यात सुरवंट वाढले. ओळ-दीड ओळ एका दमात काढणारा मी, स्वल्पविराम आला की हवा ओढायला लागलो. आधी माइकला दोष दिला, मग गरमीला, मग लेखकाच्या लांबलचक वाक्यांना. आई वाढता वाढता म्हणाली, "काऊन रे, सारखे सुस्कारे टाकून राहिला? भरल्या ताटावर असं करू नाही बाप्पा."

मग एका दुपारी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर बोटांना मुंग्या आल्या. ओठांभोवती बधिर झालं, छाती आवळली. हार्ट अटॅकच, दुसरं काय! खाली बसलो. एका पोरानं बाटली पुढे केली, "पाणी घ्या जी." दुसरा म्हणाला, "मोठे मोठे श्वास घ्या भाऊ." घेतले. मुंग्या आणखी वाढल्या.

ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं ठीक निघालं. दमाही नाही. हे आधी तपासावंच लागतं. धाप लागली की मनाचंच असणार, असं धरून बसण्यात अर्थ नाही. पुढची चिठ्ठी मानसोपचार तज्ज्ञांची होती. ज्या शहरात एका चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात, तिथं हे घरी कसं सांगणार? धंतोलीत दात दाखवायला जातो म्हणालो.

त्या बाईंनी मुंग्यांचा हिशोब समजावला. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटं आणि ओठ मुंग्यावतात. माणूस घाबरतो आणि आणखी ओढतो. म्हणजे मला हवा कमी पडत नव्हती, जास्त होत होती. मोठा श्वास घ्या म्हणणारा तो भला माणूस आगीत रॉकेल ओतत होता. श्वास सोडायला वेळ लावायचा, हे खरं. सुस्काऱ्यांचंही विचारलं. ते सगळ्यांनाच येतात, साधारण दर पाच मिनिटांनी एक, आपल्या नकळत; त्यानं फुप्फुसातल्या मिटलेल्या पिशव्या उघडतात. आई मोजायला लागली, म्हणजे माझे बरेच वाढले असणार.

"कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं. मेपासून, मी म्हणालो.

घरी येताना डोक्यात आलं की हे तर तपासता येईल. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी मी एक मिनिट काही न बोलता खोलीची शांतता घेतो. आमच्यात तिला रूम टोन म्हणतात, मागचा आवाज साफ करायला लागते. त्या शांततेत मी बसलेलो असतो, श्वास घेत. तारखेवार फायली होत्या. हेडफोन लावला, आवाज चढवला, कागदावर रेघा मारत गेलो. मोठ्या माणसाचा बसल्या जागी मिनिटाला 12 ते 20 श्वास हा नेहमीचा हिशोब. डिसेंबर: 14. जानेवारी: 14, 15. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात 19. मार्चमध्ये 22. तिथून खाली नाहीच.

फेब्रुवारीत काय झालं होतं, ते आठवायला डायरी लागली नाही. आठ वर्षं काम देणारं एक गिऱ्हाईक त्याच आठवड्यात म्हणालं होतं की पुढचं काम मशीनकडून करून घेऊ. मी सगळ्यांना सांगत फिरलो, काही फरक पडत नाही, कामं येतात-जातात. ती फाईल मी तीनदा ऐकली. एकविसाव्या सेकंदाला श्वास अर्ध्यात अडकतो, मग दोन भरभर.

डॉक्टरांना कागद दाखवला. त्या हसल्या. म्हणाल्या, नुसत्या आकड्यावरून मी कुणाला काही ठरवून देत नाही, पण फेब्रुवारीबद्दल बोलू. चार महिने बोललो.

श्वास सावकाश करायचा सराव अजून चालू आहे, मिनिटाला सहा. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता: जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना काय किंवा 'ओम मणि पद्मे हुम्' काय, म्हणताना श्वास आपोआप सहाच्या आसपास येतो. हे वाचून मी संध्याकाळी देवघराच्या दाराशी रेकॉर्डर ठेवला. आई रामनामाचा जप करत होती. मिनिटाला सात.

दुसरं मिनिट पुरं होईना, तोच माळ थांबली. "काय करून राहिला तिथं?"

"तुझा श्वास मोजतोय."

"मेली नाही मी अजून," ती म्हणाली. "कूलरमध्ये पाणी टाक."